एग्मोरचे डॉक्टर, चेपॉकचे कुलगुरू

हिंदुस्थानातील पहिल्या तीन विद्यापीठांच्या कुलगुरूंची नामावळी चाळू लागले म्हणजे नजरेत प्रथम भरतात ते न्यायाधीश आणि कायदेपंडित. मुंबईपुरते बोलायचे तर काशिनाथ त्रिंबक तेलंग, नारायण गणेश चंदावरकर आणि चिमणलाल सेटलवाड ही तीन नावे घेतली की पुरे; कलकत्त्यास सर आशुतोष मुकर्जी ह्यांनी तर हायकोर्टाच्या न्यायासनावर बसूनच विद्यापीठाचा गाडा हाकला. ह्याचे कारण उघड आहे. विद्यापीठ म्हणजे त्या काळी मुख्यत्वेकरून परीक्षा घेणारे, पदव्यांच्या सनदा वाटणारे आणि नियमांच्या कलमांवर चालणारे एक खाते होते. आणि कलमांचा अर्थ लावण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्याच हाती ते सोपविणे सरकारास सोयीचे आणि समाजास शोभिवंत वाटत असे. वैद्यकाच्या व्यवसायातून ह्या आसनावर चढलेली माणसे विरळाच. कलकत्त्यास १९१९ ते १९२१ सर नीलरतन सरकार आणि १९४२ ते १९४४ डॉ. बिधानचंद्र रॉय, मुंबईस १९६० ते १९६३ कर्करोगाच्या संशोधनामुळे देशोदेशी नाव झालेले डॉ. वसंत रामजी खानोलकर. परंतु ह्या सर्वांची मुदत दोन-तीन वर्षांची. ज्या एका वैद्याने एका विद्यापीठाचा कारभार १९४२ पासून १९६९ पर्यंत, म्हणजे सलग २७ वर्षे, आपल्या हाती ठेवला, ते मद्रासचे डॉ. आर्काट लक्ष्मणस्वामी मुदलियार होत.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८८७ रोजी कर्नूल येथे झाला, आणि तोही एकट्याचा झाला नाही. त्यांचे जुळे बंधू रामस्वामी हे त्यांच्यासमवेतच जन्मास आले. पुढे ज्याने आयुष्यभर इतरांच्या घरची बाळंतपणे सुखरूप पार पाडली, त्याचा स्वतःचा जन्म प्रसूतिशास्त्रात जोखमीच्या मानलेल्या सदरात मोडावा, हा योगायोग मोठा गमतीचा म्हटला पाहिजे. दोघेही कर्नूलच्या शाळेत शिकले, दोघेही मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गेले, आणि तेथून वाटा फुटल्या. रामस्वामी वकील झाले, ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचे पुढारी झाले, दुसऱ्या महायुद्धात चर्चिलच्या युद्धमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून बसले, १९४६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले आणि म्हैसूर संस्थानचे दिवाणही झाले. लक्ष्मणस्वामींनी मद्रास मेडिकल कॉलेजाचा रस्ता धरला. दोघा भावांच्या चेहऱ्यांत इतके साम्य होते, की एकाला भेटून दुसऱ्याचे अभिनंदन करून आलेल्या लोकांच्या कथा मद्रासेत पुष्कळ दिवस सांगितल्या जात. त्यांतील खऱ्या किती आणि रचलेल्या किती ह्याचा निवाडा करण्याचे कारण नाही; परंतु एका मुत्सद्द्याची आणि एका डॉक्टराची अशी अदलाबदल सर्वांना संभवनीय वाटावी, हे डॉक्टराच्या स्वभावाविषयीही काही सांगून जाते.

त्या काळच्या वैद्यकीय खात्याची रचना ध्यानात घेतल्याशिवाय लक्ष्मणस्वामींच्या उत्कर्षाचे मोल कळणार नाही. मुळात लष्करासाठी उभारलेल्या इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी मुलकी कामास उसने दिले जात. आणि मोठ्या इस्पितळांचे प्रमुखपद, मेडिकल कॉलेजांतील मानाच्या प्राध्यापकीच्या जागा आणि प्राचार्यपद ही बहुतांशी त्यांची मिरास होऊन बसलेली होती. प्रांतिक सेवेतल्या हिंदी डॉक्टराने हाताखाली राबावे, रात्रीची पाळी सांभाळावी, आणि नव्याने आलेल्या कर्नलसाहेबास त्याच्या खुर्चीची कामे शिकवून द्यावीत, असा प्रघात. १८३५ साली स्थापन झालेल्या मद्रास मेडिकल कॉलेजास पहिला हिंदी प्राचार्य मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि तो मान लक्ष्मणस्वामींकडे गेला. १९३९ ते १९४२ ह्या काळात ते त्या पदावर होते. ह्या पदापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी ना चळवळ केली ना राजीनामा फेकला. एग्मोरच्या स्त्रियांच्या व मुलांच्या सरकारी इस्पितळात ते वर्षानुवर्षे काम करीत राहिले, आणि अखेरीस त्यांना डावलणे सरकारासच अवघड होऊन बसले.

एग्मोरचे हे इस्पितळ १८४४ साली सुरू झालेले, आशियातील जुन्यात जुन्या प्रसूतिगृहांपैकी एक. तेथे येणाऱ्या बायकांचा मोठा हिस्सा गरिबाघरचा, आणि त्यातील पुष्कळजणी घरी दाईच्या सर्व खटपटी संपल्यानंतर, दोन-दोन दिवस कळा सोसून झाल्यावर, बैलगाडीत घालून आणलेल्या असत. प्रसूतिवैद्याची विद्या अशा वेळी हाताच्या तळव्यात असते. तो प्रथम पोटाच्या वरच्या टोकाशी दोन्ही हात ठेवून गर्भाचा कोणता भाग तेथे आहे हे चाचपतो, मग दोन्ही बाजूंनी हात खाली आणीत पाठ कोणत्या अंगास आणि हातपाय कोणत्या अंगास हे ठरवितो, आणि शेवटी ओटीपोटाशी बोटे रोवून डोके कटिरात उतरले आहे की अद्याप वरच तरंगते आहे ते पाहतो. मग लाकडी नळीचे रुंद तोंड पोटावर टेकवून, दुसऱ्या टोकास कान लावून, तो मिनिटास १२० ते १६० च्या दरम्यान पडणारे इवल्या हृदयाचे ठोके मोजतो. ह्यानंतरचे त्याचे मुख्य काम म्हणजे थांबणे. बहुसंख्य प्रसूती निसर्गाच्या ओघाने पार पडतात. तेथे चिमटे घेऊन धावणारा उतावळा डॉक्टर गर्भाशयाचे मुख पुरते उघडण्याआधीच ते फाडून ठेवतो आणि बाईच्या जिवावर उठतो. परंतु हेच थांबणे, रक्तस्राव सुरू झाला किंवा आकडी आली, की घटकाभरात अपराध ठरते. कोठवर स्वस्थ बसावे आणि कोणत्या क्षणी हात घालावा, हा विवेक ग्रंथात लिहून सांगता येत नाही. तो एकेका रुग्णाईताशेजारी बसून, तिच्या टिपणाच्या कागदावर दर घटकेची नोंद करीत, कमवावा लागतो.

तरीही ग्रंथात जेवढे सांगता येते तेवढे लक्ष्मणस्वामींनी सांगितले. त्यांचा ‘क्लिनिकल ऑब्स्टेट्रिक्स’ हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे डॉ. कृष्ण मेनन ह्यांच्या जोडीने त्याच्या आवृत्त्या निघत गेल्यामुळे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत तो ‘मुदलियार-मेनन’ ह्या जोडनावानेच रूढ झाला. ह्या ग्रंथाची गरज का पडली, हे पाहण्यासारखे आहे. तोवर येथील विद्यार्थी विलायती पुस्तके वाचून बाळंतपणे करीत, आणि त्या पुस्तकांतील माता लंडन किंवा एडिंबरोच्या इस्पितळात पोटभर खाऊन वेळेवर दाखल झालेली असे. येथील माता तशी नव्हती. तिचे रक्त मुळातच पातळ असे. ह्याच सुमारास ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषीने मुंबईस येऊन गिरणीत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या साध्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये दाखवून दिले. पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखल्या गेलेल्या द्रव्याचा तो पहिला सुगावा होता. आपल्या देशातील रोग आपल्याच इस्पितळातील रुग्णाईतांवरून शिकला पाहिजे, ही जाणीव त्या काळच्या वैद्यकात अशी निरनिराळ्या ठिकाणी उगवत होती, आणि मुदलियारांचा ग्रंथ हे तिचेच एक फळ आहे.

प्रसूतिगृहातून दिसणारे दारिद्र्य पुढे त्यांना आकड्यांच्या रूपाने भेटले. १९४३ साली सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या पाहणीसाठी जी समिती नेमण्यात आली, तिच्या सभासदांत लक्ष्मणस्वामी होते. बिधानचंद्र रॉय होते आणि आपल्याकडील कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशीही होते. १९४६ साली ह्या समितीने चार खंडांचा जो अहवाल सादर केला, त्यात हजार प्रसूतींमागे सुमारे २० माता दगावतात, म्हणजे वर्षाकाठी सुमारे २ लाख स्त्रिया बाळंतपणाने मरतात, आणि जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ पहिला वाढदिवस पाहत नाहीत, असा हिशेब मांडलेला होता. पैसे नसल्यामुळे कोणासही औषधोपचारावाचून राहावे लागू नये, हे तत्त्व ह्या अहवालाने सरकारी दफ्तरात प्रथम स्पष्ट शब्दांत नोंदविले.

ह्या समितीच्या आधीच, १९४२ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून मोकळे होताच, लक्ष्मणस्वामी मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सामान्य माणूस ज्या वयात निवृत्तिवेतनाचे कागद पुरे करून देवदर्शनास निघतो, त्या वयात त्यांच्या आयुष्याचा दीर्घतर अंक सुरू झाला.

चेपॉकच्या समुद्रकिनारी चिझम ह्या स्थापत्यकाराने उभारलेले सिनेट हाऊस, त्याचे घुमट, रंगीत काचा आणि खांबांवरील नक्षी पाहून एखाद्या नबाबाचा दरबार येथे भरत असावा असे वाटते. आणि १९४२ मध्ये विद्यापीठाचा पसाराही जवळजवळ तसाच होता. १८५७ साली कलकत्ता व मुंबई ह्यांच्याबरोबर स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाच्या अंमलातून १९२६ साली आंध्र, १९२९ साली चिदंबरमचे अण्णामलै आणि १९३७ साली त्रावणकोर ही विद्यापीठे निघाली होती. पुढे लक्ष्मणस्वामींच्या डोळ्यांदेखत १९५४ साली तिरुपतीचे आणि १९६६ साली मदुरेचे विद्यापीठ वेगळे झाले. तरीही उरलेला मुलूख लहान नव्हता. त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा इलाख्यात लोकनियुक्त मंत्रिमंडळच नव्हते आणि गव्हर्नर स्वतः कारभार पाहत होते. त्यानंतर प्रकाशम् आले, ओमंदूर रामस्वामी रेड्डियार आले, कुमारस्वामी राजा आले, राजाजी आले, कामराज नऊ वर्षे राहिले, मग भक्तवत्सलम् आणि शेवटी द्रविड मुन्नेत्र कळघमचे अण्णादुराई. ब्रिटिश गव्हर्नरापासून अण्णादुराईंपर्यंत सगळ्या राजवटी ज्याला चालल्या, तो माणूस केवळ कोणाचा तरी कृपापात्र म्हणून टिकला, असे म्हणता येणार नाही. कारण एकाचा कृपापात्र हा बहुधा दुसऱ्याच्या डोळ्यांत सलतो. मला वाटते, त्यांच्या टिकण्याचे मर्म एग्मोरात होते. तातडीचे काय आणि आपोआप निवळणारे काय, ह्याची पारख त्यांना होती. मंत्र्यांशी प्रत्येक लहान बाबीत कज्जा मांडण्याचा सोस त्यांना नव्हता. आणि विधान परिषदेचे सभासद म्हणून बोलण्याची वेळ आली म्हणजे सरकारच्या विरुद्ध बाजूस बसून बोलण्यास ते कचरत नसत.

परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाने संशोधनही केले पाहिजे, ही गोष्ट तेव्हा भाषणात सर्वांना मान्य आणि अंदाजपत्रकात कोणासच परवडणारी नव्हती. लक्ष्मणस्वामींनी धनिकांकडे मोर्चा वळविला. चेट्टिनाडचे उद्योगपती अळगप्पा चेट्टियार ह्यांच्या देणगीतून १९४४ साली विद्यापीठाचे तंत्रविद्येचे महाविद्यालय गिंडी येथे उभे राहिले. पुढे १९४७ साली ॲनी बेझंट ह्यांच्या जन्मशताब्दीच्या सभेत बोलताना कुलगुरूंनी धनवंतांना आवाहन केले, की कॉलेजे काय ती शहरांतच निघतात, खेड्यापाड्यांकडे कोणी पाहत नाही. तेव्हा सभेत हजर असलेले अळगप्पा जागच्या जागी उभे राहिले आणि कारैकुडीस आपण कॉलेज काढतो असे त्यांनी जाहीर केले. सभेतील आश्वासने सभेतच विरून जाण्याचा आपला अनुभव जुना आहे. पण हे कॉलेज त्याच वर्षी सुरू झाले. तेथेच पुढे अळगप्पांनी दिलेल्या जमिनीवर आणि पैशावर विद्युत्-रसायनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आली, आणि आज कारैकुडीस अळगप्पांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. मागावे कोणाजवळ, कोणत्या क्षणी आणि किती जणांच्या देखत, हे कळणे कुलगुरूस अनावश्यक आहे असे मानणाऱ्यांनी एखाद्या विद्यापीठाचा जमाखर्च कधी पाहिलेला नसावा.

परंतु लक्ष्मणस्वामींच्या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी कृत्य कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी इमारतींकडे किंवा देणग्यांकडे बोट न दाखविता १९५२ सालच्या एका नेमणुकीकडे दाखवीन. विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा स्वतंत्र विभाग काढण्याचे ठरले, तेव्हा कुलगुरूंनी थेट सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनाच विचारणा केली. रामन तेव्हा बंगळूरास आपल्या नव्या संस्थेत रमलेले होते. त्यांनी नकार दिला आणि आपल्याऐवजी गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन ह्या आपल्या शिष्याचे नाव सुचविले. हा शिष्य अद्याप तिशीच्या उंबरठ्यावर होता. वय, सेवाज्येष्ठता आणि अनुभवाची वर्षे ह्यांची मोजदाद करणाऱ्या कोणत्याही निवड समितीने अशा तरुणास फार तर दुय्यम जागा देऊ केली असती. लक्ष्मणस्वामींनी त्यास विभागप्रमुख केले.

आता विषयाचे नाव पदार्थविज्ञान, पण रामचंद्रनांनी हाती घेतले ते कोलॅजन. कातडी, स्नायुबंध, अस्थी, कास्थी ह्या सर्वांना घट्टपणा देणारे, आणि आपल्या शरीरातील प्रथिनांत प्रमाणाने सर्वांत मोठे असलेले हे द्रव्य. लंडनहून आलेल्या बर्नाल ह्या प्रख्यात शास्त्रज्ञाने मद्रासच्या मुक्कामात सहज बोलून दाखविले होते, की कोलॅजनच्या रचनेविषयी आजवर झालेली एकही कल्पना समाधानकारक नाही. ते वाक्य ह्या तरुण प्राध्यापकाने मनावर घेतले. शेजारीच चर्मसंशोधनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा होती, तेथून साहाय्य मिळाले. कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचे नमुने मिळविण्यात आले. त्यांवर क्ष-किरण सोडून पडणाऱ्या ठिपक्यांची छायाचित्रे काढण्यात आली. आणि गोपीनाथ कर्था ह्या सहकाऱ्यासह रामचंद्रनांनी १९५४ साली ‘नेचर’ नियतकालिकात निष्कर्ष मांडला, की कोलॅजनचा रेणू तीन साखळ्यांचा मिळून बनतो. पुढील वर्षी त्यांनी ह्या तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत अशी सुधारणाही केली. हा पीळ इतका घट्ट असतो, की साखळीतील दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच यावे लागते, दुसऱ्या कोणास तेथे जागा पुरत नाही. क्रिक आणि रिच ह्यांनी तिकडे इंग्लंडात ह्या रचनेच्या तपशिलावर वाद घातला, पण तिपेडी पिळाची मूळ कल्पना टिकली. त्या वादातूनच, अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात ह्याचा काटेकोर हिशेब मांडण्याची निकड रामचंद्रनांना भासली, आणि १९६३ साली रामकृष्णन् व शशिशेखरन् ह्यांच्यासह त्यांनी तो सुप्रसिद्ध आलेख सिद्ध केला, जो आज जगातील कोणत्याही प्रथिनाची रचना तपासताना प्रथम काढला जातो आणि ‘रामचंद्रन आलेख’ म्हणूनच ओळखला जातो. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने कातड्यातील प्रथिनाच्या मागे का लागावे, असा प्रश्न एखाद्या कायदेपंडित कुलगुरूने कदाचित विचारला असता. आयुष्यभर पेशीजालाशी ज्याचा हात खेळला, त्याला तो विचारण्याची गरज भासली नाही.

देशाच्या शिक्षणाशी लक्ष्मणस्वामींचे नाव जोडले गेले ते मात्र निराळ्या कारणाने. २३ सप्टेंबर १९५२ रोजी केंद्र सरकारने माध्यमिक शिक्षणासाठी जो आयोग नेमला, त्याचे ते अध्यक्ष; म्हणूनच तो ‘मुदलियार आयोग’. बडोदे विद्यापीठाच्या कुलगुरू हंसा मेहता आणि मुंबईचे तंत्रशिक्षण संचालक तारापोरवाला हे आपल्या बाजूचे सभासद त्यात होते. १९५३ च्या ऑगस्टात आलेल्या अहवालातील गाजलेली शिफारस बहुउद्देशीय शाळांची: एकाच शाळेत मानव्यविद्या, शास्त्र, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान अशा सात शाखा असाव्यात आणि मुलाने आपल्या कलाप्रमाणे त्यांतील एक निवडावी. शाळा काढल्या गेल्या, पाट्या रंगविल्या गेल्या. परंतु सुतारकामाची हत्यारे आली तर शिकविणारा आला नाही, आणि शिक्षक आला तर हत्यारे गंजून गेलेली, अशी गत पुष्कळ ठिकाणी झाली. ह्या फसगतीचे माप आयोगाच्या पदरात टाकणे न्यायाचे होणार नाही. पैशाची तजवीज त्याच्या हाती नव्हती.

मला त्या अहवालातील महत्त्वाची वाटते ती एक कमी गाजलेली सूचना. मुलाची पारख वर्षाकाठी एका परीक्षेवर न करता, शाळेने प्रत्येक मुलाचे एक संचयी नोंदपत्रक ठेवावे, त्यात त्याची प्रगती, प्रकृती, आवडी, वर्तन ह्यांची वर्षानुवर्षे नोंद होत जावी, आणि अखेरच्या मूल्यमापनात ह्या नोंदींना वजन असावे, असे आयोगाने सुचविले. रुग्णाईताच्या खाटेला अडकविलेला केसपेपर ज्याने वाचलेला आहे, त्याला ही सूचना कोणत्या खोलीतून आली हे सांगावे लागत नाही. घाईने एकदा नाडी पाहून निदान करू नये, ही वैद्याची पहिली शिकवण. तीन तासांच्या लेखी परीक्षेवर मुलाचे भवितव्य ठरविणे म्हणजे त्याहून काय निराळे? आमच्याकडील शाळांनी नोंदपत्रकांचे छापील नमुने मागविले, ते जूनमध्ये एका बैठकीत भरून टाकले, आणि परीक्षा होती तेथेच राहिली.

आरोग्याच्या क्षेत्रातील त्यांच्या अधिकारपदांची जंत्री येथे लांबवीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकारी मंडळाचे ते १९४९ साली अध्यक्ष झाले, आणि १९६१ साली त्या संघटनेची चौदावी परिषद दिल्लीस भरली तेव्हा अध्यक्षस्थान त्यांनाच देण्यात आले. युनेस्कोच्या कार्यकारी मंडळाचेही ते अध्यक्ष होते. १९५९ साली नेमलेल्या दुसऱ्या आरोग्य पाहणी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, हे मात्र सांगितले पाहिजे. कारण भोर समितीच्या सूचनांचे दीड तपात काय झाले, हे तपासण्याचे काम त्याच समितीच्या एका जुन्या सभासदावर आले. प्राथमिक आरोग्य केंद्रे ठिकठिकाणी उघडली गेली होती, पण कित्येक ठिकाणी डॉक्टर नाही, तर कित्येक ठिकाणी परिचारिका नाही. नवी केंद्रे भराभर उघडण्याआधी आहेत ती धड करा, एका केंद्राच्या माथी ४०,००० हून अधिक वस्ती मारू नका, आणि जिल्ह्याच्या इस्पितळांत विशेषज्ञ आणून ती बळकट करा, असे ह्या समितीचे सांगणे होते. उद्घाटनाच्या फिती कापण्यास उत्सुक असलेल्या मंत्र्यांना ते कितपत रुचले असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

एका बाबतीत मात्र त्यांच्या धिमेपणाने त्यांना दगा दिला असे माझे मत आहे, आणि ती बाब म्हणजे भाषा. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहावे, ह्याकडे त्यांचा कल होता. नागपूर विद्यापीठ मराठी व हिंदी माध्यमाचा प्रयोग करीत होते. खुद्द मद्रास राज्यात १९६० च्या सुमारास कोइमतूरच्या सरकारी कॉलेजात तमिळ माध्यमाचे वर्ग निघाले होते. आणि १९६५ साली हिंदीच्या विरोधात विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा भाषेचा प्रश्न किती खोलवर जातो हे साऱ्या देशास दिसले. लक्ष्मणस्वामींची बाजू पोकळ नव्हती. आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू अशा भाषावार वाटणीनंतर विद्वानांचे दळणवळण कोणत्या भाषेत चालावे, आणि वैद्यकाचा विद्यार्थी ‘लॅन्सेट’ कसा वाचणार, हे त्यांचे प्रश्न आजही कोणी सोडविलेले नाहीत. पण कर्नूल किंवा रामनाथपुरम् जिल्ह्यातून आलेला, शाळा मातृभाषेत शिकलेला मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजी व्याख्यानासमोर मुका होऊन बसतो, हे दुखणे आपोआप निवळणाऱ्यांपैकी नव्हते. येथे हात घालण्याची घटका येऊन गेली, आणि डॉक्टर थांबून राहिले.

१९६९ साली, ब्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, त्यांची कारकीर्द संपली. त्यांच्या जागी नेय्याडुपाक्कम् दुरैस्वामी सुंदरवडिवेलू आले. कामराजांच्या काळात शिक्षण संचालक म्हणून प्राथमिक शाळांतील दुपारच्या जेवणाची योजना खेडोपाडी पोहोचविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हे गृहस्थ. एग्मोरच्या परंपरेहून ही परंपरा अगदी भिन्न होती, आणि तिचा हक्कही लहान नव्हता. लक्ष्मणस्वामी १५ एप्रिल १९७४ रोजी निवर्तले. रामस्वामी त्यांच्यामागे दोन वर्षे राहिले. अकरा वर्षांची शाळा आणि तीन वर्षांची पदवी हा त्यांच्या आयोगाचा आकृतिबंध दहा अधिक दोन अधिक तीन ह्या नव्या रचनेने मागे सारला. महाराष्ट्रात तर १९७५ सालापासून शालान्त परीक्षा दहावीच्या अखेरीस आली.

सत्तावीस वर्षे एकाच माणसाच्या पारखीवर चाललेल्या संस्थेचे पुढे काय होते, ह्याचे उत्तर पदार्थविज्ञान विभागाने दिले. ज्या कुलगुरूच्या भरवशावर रामचंद्रन सतरा वर्षे निर्धास्तपणे काम करीत होते, तो दूर होताच विद्यापीठातील वातावरण त्यांना मानवेनासे झाले. सिनेट आणि सिंडिकेट होती, नियमांची कलमे होती. परंतु उपकरणासाठी पैसे हवेत किंवा एखाद्या तरुणास नियम वाकवून घ्यायचे आहे, अशा वेळी ज्याच्या खोलीत सरळ शिरावे असा कोणी उरला नव्हता. १९७० साली रामचंद्रन मद्रास सोडून गेले, काही काळ शिकागोत राहिले आणि मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी रेणवीय जैवभौतिकीचा नवा विभाग उभारला.